मधली पट्टी

गेल्या आठवड्यापासून कुरुंद्यात हळद शिजायला लागली आहे. वाफ दिसण्याआधी वास येतो. ओल्या मातीचा, थोडा औषधाचा, जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागणारा. तो दोरीवरच्या कपड्यांत बसतो, उशीत बसतो, पिठाच्या डब्यातही कसा कोण जाणे शिरतो. या दिवसांत गावातल्या सगळ्या घरांना हा एकच वास असतो. आमच्या घरात त्याच्या खाली आणखी एक असतो, भिजवलेल्या कातड्याचा. तो बारमाही आहे. लहानपणी मला वाटायचं की हळदीच्या दोन महिन्यांत तरी आमचा वास कुणाला येत नसेल.

आज सकाळी श्रुतीचा मेसेज आला. श्रुती माझी शाळेतली मैत्रीण. रविवारी सासरच्या माणसांबरोबर औंढ्याला दर्शनाला येते आहे. 'जाताना पुन्हा डोकावू का तुझ्याकडे, तीन वर्षांपूर्वीसारखं?' असं तिनं विचारलं आहे. मी वाचलं आणि फोन उपडा ठेवला. माझ्या फोनवर निळ्या खुणा मी कधीच्याच बंद केल्या आहेत. मी वाचलं की नाही हे कुणाला कळत नाही.

ती आली होती तेव्हाही हळदच शिजत होती.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. वर पत्रा, दारात चपला टांगायची तार, आणि पुढच्या-मागच्या खोलीच्या मध्ये एक पडदा. पडदा निळा होता, आता कसला आहे ते सांगता येत नाही. पडद्याच्या पुढे अण्णा बसायचे, म्हणजे माझे वडील. मागे स्वयंपाक, माझा अभ्यास, आईचं सगळं आयुष्य. आता चपला कुणी शिवून घेत नाही, प्लास्टिकच्या तयार मिळतात. राहिली आहेत ती म्यानं. आमच्याकडच्या सुऱ्या लोहार घडवतो, जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून, आणि लोहाराच्या हातच्या दोन सुऱ्या कधी सारख्या होत नाहीत. त्यामुळे कारखान्यातलं म्यान कुठल्याच सुरीला बसत नाही. डोंगरकडा गावचे केळी उतरवणारे येतात, औंढ्याला देवळासमोर नारळ विकणारे येतात, मेंढरांमागे फिरणारे येतात. सर्वांत जास्त येतात त्या हळदीतल्या बाया. उकरलेला गड्डा हातानं मोडेनासा झाला की सुरी लागते. पूर्वी त्या सुरी चिंधीत गुंडाळून कमरेला खोचायच्या आणि टेम्पोत गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. एकदा गतिरोधकावर टेम्पो उसळला आणि जमनामावशीच्या जावेच्या मांडीत तिच्याच शेजारणीची सुरी गेली. जमनामावशी म्हणजे तांड्यावरच्या बायांच्या टोळीची मुकादम. तेव्हापासून म्यान नसलेल्या बाईला ती टेम्पोत चढू देत नाही.

म्यान करणं दिसतं तेवढं अवघड नाही, आणि वाटतं तेवढं सोपं नाही. कातडं सुरीच्या पाठीकडून दुमडायचं आणि धारेकडून शिवायचं. म्हणजे शिवण नेमकी धारेच्या समोर येते. नुसतं शिवलं तर सुरी आतबाहेर होताना दोरा कापत जाते, रोज थोडा थोडा, आतल्या आत, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून दोन पदरांच्या मध्ये कातड्याचीच बोटभर रुंद पट्टी घालायची आणि तिन्ही एकत्र शिवायचे. मग धार कातड्याला लागते, दोऱ्याला नाही. अण्णा तिला नुसतं 'मधली' म्हणतात. घरातल्या कुणा मधल्या लेकीबद्दल बोलावं तसं. "मधली घातली का? मधली पातळ न्हाई ना झाली?" शिवून झालं की म्यान ओलं करायचं, सुरीला तेल लावून, प्लास्टिक गुंडाळून आत घालायची आणि अंगठ्यांनी दाबत राहायचं. मग सावलीत ठेवायचं. वाळल्यावर सुरी काढून घेतली तरी म्यान तसंच राहतं, आत सुरी असल्यासारखं.

हे मला सातव्या वर्षी माहीत होतं. शाळेत मात्र मला हे माहीत नव्हतं.

शाळा हिंगोलीत, इंग्रजी माध्यमाची. मी मावशीकडे राहायचे. पहिल्याच वर्षी एक फॉर्म आला, त्यात वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी 'बिझनेस' लिहिलं. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, कसला बिझनेस? मी म्हणाले, "लेदर गुड्स." एवढंच. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. पण पुढची दोन वर्षं वर्गाला वाटत राहिलं की माझ्या वडिलांची शोरूम आहे. एका मुलीनं तर आईच्या वाढदिवसाला पर्स घ्यायची म्हणून मला डिस्काउंट विचारलं. मी म्हणाले, सध्या स्टॉक नाही. घरचे अण्णा शाळेत पप्पा झाले होते, आणि पप्पांकडे सध्या स्टॉक नव्हता. मी कमी बोलायला लागले ती तेव्हापासून. लोकांना वाटायचं लाजाळू आहे. लाजाळू होतेच, पण कमी बोललं की कमी सांभाळावं लागतं, हेही खरं होतं.

तीन वर्षांपूर्वी, श्रुती आली त्या वर्षी, अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू ते अंगावर काढत होते. भोक पाडायची आरी कातड्याऐवजी स्वतःच्या अंगठ्यात गेली तेव्हा तयार झाले. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, जोर द्यायचा नाही. मी तेव्हा पुण्यात एका लॅबमध्ये लागून चार महिने झाले होते. पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन आले. बॅगेत पंधरा दिवसांचेच कपडे होते.

तिसऱ्या दिवशी जमनामावशी टोपल्यात बारा सुऱ्या घेऊन आली. कोपरापर्यंत पिवळी. तिनं अण्णांकडे बघितलं, डोळ्यावरच्या पट्टीकडे बघितलं आणि दारातच खाली बसली.

"घ्या. अण्णा पट्टी बांधून बसले आन् माझ्या बाया बिनम्यानाच्या. आता आमी काय दातानं हळद मोडावं का?"

"होतंय की," अण्णा म्हणाले. "घरात हात हाय."

"कुणाचा हात?"

अण्णांचं तोंड पडद्याकडे वळलं. पडद्यामागे मी होते. पण त्यांनी काही बोलायच्या आधी आई बोलली. "तिचे काका येऊन राहिलेत वसमतहून. ते शिवतील."

वसमतला मला काका नाहीत. कुठेच नाहीत. जमनामावशी गेल्यावर अण्णा म्हणाले, "लबाड काहून बोलली?" आई म्हणाली, "एवढं शिकवलं पोरीला. आता तिनं आरी धरली हे गावभर कशाला? उद्या कुणी बघायला आलं तर?" मला आईचा राग यायला हवा होता, पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. 'स्टॉक नाही' म्हणणारी मी आणि काका जन्माला घालणारी आई, आमचं रक्त एकच.

मग मी पडदा पाडून मागे बसून शिवायला लागले. दुपारी पत्रा तापायचा, बाहेरून हळदीची वाफ, आत ओलं कातडं. बारा मधल्या आधीच कापून ठेवल्या होत्या. आरीनं भोक, एका भोकातून समोरासमोर दोन सुया, ओढ, पुन्हा भोक. दुकानात कुणी आलं की हात थांबवायचा, कारण आवाज जायचा. मी माझ्याच घरात श्वास मोजून घेत बसलेली असायचे. पहिली तीन म्यानं अण्णांना दाखवली. दाखवली म्हणजे ऐकवली. ते सुरी आत सरकवून कानाशी धरायचे आणि हळू ओढायचे. नीट म्यानातून सुरी निघते तेव्हा एक भरलेला, दबका आवाज येतो, जाड वहीचं पान उलटल्यासारखा. तिसरं ऐकून ते म्हणाले, "बस. हात बसला तुझा. आता मला इचारू नको."

बारावं शिवताना श्रुती आली.

गाडी थांबल्याचं ऐकलं, मग तिचा आवाज. "काकू, मी श्रुती. आम्ही औंढ्याला निघालोय. इथूनच जात होतो, म्हटलं सरप्राइज देऊ." मी हातातलं सगळं गोणपाटाखाली ढकललं, हात साबणानं दोनदा धुतले आणि पडदा सारून बाहेर गेले. ती पाच मिनिटं उभीच होती. तिची आई गाडीतच बसून होती, काच वर. श्रुतीनं तारेवरच्या चपला बघितल्या, अण्णांच्या डोळ्याची चौकशी केली. "किती क्यूट दुकान आहे गं," म्हणाली. ती वाईट मुलगी नाही. तिनं एकदाही नाकाला रुमाल लावला नाही, आणि तो ती लावत नाही आहे हे मला सारखं दिसत होतं.

ती गेल्यावर मी आत जाऊन गोणपाटाखालून म्यान काढलं आणि उरलेलं काम भराभर संपवलं. संध्याकाळी बारा म्यानं आईनं टोपल्यात घालून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट झटकलं तेव्हा एक मधली खाली पडली.

मी ती हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. बारा कापल्या होत्या. एक इथे होती. म्हणजे टोळीतल्या बारा बायांपैकी एकीच्या कमरेला नुसत्या दोऱ्यानं शिवलेलं म्यान होतं, आणि ती दिवसभर वाकून काम करणार होती, टेम्पोत दाटीनं बसणार होती. आज काही होणार नाही. उद्याही नाही. दोरा एकदम तुटत नाही.

सोपी गोष्ट होती. शेतात जायचं, बारा म्यानं अंगठ्यानं दाबून बघायची, पातळ लागेल ते परत घ्यायचं. एका मिनिटाचं काम. पण जायचं म्हणजे सांगायला लागणार होतं की शिवलं कुणी. अण्णांना सांगितलं तर ते उठून आरी घेऊन बसतील, तशाच पट्टी बांधलेल्या डोळ्यानं. आईला सांगितलं तर ती म्हणेल, काही होत नाही. आणि वसमतच्या काकांना पाठवायचं तर ते नव्हते. मी स्वतःभोवती इतक्या वर्षांत जे जे शिवलं होतं ते सगळं एकदम अंगाला घट्ट बसलं, आणि कुठून उसवायचं ते कळेना.

म्हणून मी मोजायला लागले. सकाळी सातला टेम्पो दुकानावरून जायचा, संध्याकाळी परत यायचा आणि तांड्याच्या वळणावर थांबायचा. आमच्या खिडकीतून वळण दिसतं. उतरणाऱ्या बाया मी मोजायचे. बारा. सगळ्या चालत होत्या. दुसऱ्या दिवशी बारा. कुणी कमरेवर हात ठेवला की मी खिडकीशी सरकायचे; मग कळायचं, ती नुसती पाठ ताठ करते आहे. तिसऱ्या दिवशी बारा. मी एकदाही दारापर्यंत गेले नाही. पुण्याहून मेसेज आला, कधी येतेस? मी वाचून ठेवला. चौथ्या दिवशी बारा. माणूस खिडकीत बसून आपल्या चुकीची वाट बघतो, यासारखं दुसरं बंदिस्त बसणं नसेल.

पाचव्या दिवशी संध्याकाळी अकरा उतरल्या.

मी पुन्हा मोजल्या. टेम्पो रिकामा होऊन निघून गेला. अकराच.

सकाळी मी कॉलेजच्या बॅगेत आरी, दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि ती मधली घातली. आई म्हणाली, "कुठं?" मी म्हणाले, "शेतात." तिनं पुढे विचारलं नाही, पण पडद्याची कड मुठीत धरून ती उभी राहिली. मी बाहेर पडले.

शेत कालव्याच्या पलीकडे होतं. पाला कापून झालेला, जमीन उकरून काढलेली, आणि त्यात बाया ओळीनं बसलेल्या. गड्डे मोडल्याचा काडकाड आवाज. मला बघून जमनामावशी उठली.

"अगं बाई! अण्णाची शाळेवाली. इकडं कशी? वाट चुकली काय?"

मी म्हणाले, "काल एक जण कमी होती."

"सुमन? ती गेली ना माहेरला, भाच्याचं जावळ हाय. तू काय आमची हजेरी घेऊन राहिली का?" बाया हसल्या.

मी म्हणाले, "म्यानं बघायची होती. सगळ्यांची."

जमनामावशीनं हसू आवरलं. माझ्याकडे नीट बघितलं. मग स्वतःच्या कमरेचं म्यान सोडून माझ्या हातात दिलं. शिवण खालून दोन बोटं उसवली होती आणि त्यावर लुगड्याच्या काठाची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. चिंध्यांवर तिचा विश्वास नाही हे मला माहीत होतं.

"तुझ्या वसमतच्या काकाला म्हणावं," ती हळू आवाजात म्हणाली, "मधली इसरला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"घेतल्या दिशीच. बोटं हायेत ना मला. सगळी दाबून बघितली. एक पातळ निघालं, ते मी ठेवून घेतलं. पोरींना चांगली दिली."

"लागलं?"

तिनं पदर जरा बाजूला केला. कमरेच्या हाडाच्या वर करंगळीएवढी रेघ होती, तिच्यात हळद भरलेली. "एवढंसं. अन् औषधातच बसलोत की आमी दिवसभर."

माझ्या तोंडातून निघालं, "मग सांगितलं का नाही?"

"तू काहून न्हाई सांगितलं?"

मी म्यानावरची चिंधी सोडायला लागले.

"मी सांगितलं असतं तर तुझा अण्णा उठून बसला असता, डोळा गेला असता त्याचा," ती म्हणाली. "माझ्याकडं तर कारण व्हतं. तुझ्याकडं काय व्हतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधते. कधी वाटतं एक काच वर केलेली गाडी होती. कधी वाटतं एक फॉर्म होता. पण हे एखाद्या बाईच्या कमरेवरच्या रेघेसमोर ठेवून बघितलं की ठेवायलाच लाज वाटते.

मी बांधावर बसले. जुना दोरा उसवला, मधली आत सरकवली आणि शिवायला घेतलं. उन्हात, सगळ्यांसमोर. बाया हात न थांबवता बघत होत्या.

"इंग्लिश शाळेत शिवायला बी शिकवतात व्हय?"

"न्हाई गं, बापाचा हात हाय तो. बघ ना कशी ओढती."

"पोरी, माझ्या नवऱ्याचं तोंड शिवून दे की. मधली नसली तरी चालंल."

सगळं शेत हसलं. मीही हसले, आणि एक टाका वाकडा गेला. तो उसवून पुन्हा घातला. मला सारखं वाटत होतं की आता काहीतरी होईल, इतकी वर्षं ज्याला भ्याले ते आता होईल. काही झालं नाही. गड्डे मोडल्याचा आवाज येत राहिला. शिवून झाल्यावर जमनामावशीनं सुरी आत घातली, कानाशी धरून ओढली आणि मान हलवली. तिलाही ऐकता येत होतं.

अण्णांना दुपारपर्यंत कळलंच. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बारावं मला काहून न्हाई ऐकवलं?" आणि भिंतीकडे वळले. मीच इचारू नको म्हणलो होतो, असं स्वतःशी पुटपुटले. ते ऐकून मला जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

हे सगळं सांगितल्यावर मी मोकळी झाले असं म्हणता आलं तर बरं झालं असतं. तसं नाही. पंधरा दिवसांचे तीन हंगाम झाले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, अण्णांना आता दिसतं, पण बोटं थरथरतात. लॅबनं दुसरी मुलगी घेतली. मला कुणी थांबवलं नाही. कुणी अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आई अजून स्थळं बघते आणि अजून सांगते की मुलगी पुण्याला होती. मी म्यानं बरी करते, अण्णांपेक्षा थोडी बारीक शिवण. काही दुपारी वाळायला ठेवलेल्या म्यानांच्या रांगेकडे बघते, सुरी काढून घेतलेली, तरी सुरीचा आकार धरून बसलेली, आणि तिथून उठून जाते.

आज जमनामावशीच्या सुऱ्या आल्या आहेत. या वर्षी चौदा. चौदा मधल्या कापून समोर मांडल्या आहेत. सकाळभर पडदा पाडलेलाच होता, सवयीनं. पण पडद्यामागे उजेड कमी, आणि कमी उजेडात पट्टी आहे की नाही हे बोटांवर सोडावं लागतं. माझी बोटं अजून जमनामावशीची झालेली नाहीत. म्हणून उठले आणि पडदा वर करून सुतळीनं बांधून टाकला. रस्त्यावरून जाणारा कुणीही आता मला बघू शकतो. दोघातिघांनी बघितलंही.

मग फोन उलटला आणि श्रुतीला लिहिलं, 'ये. मी दुकानातच असेन. मी म्यानं शिवते.'

पाठवलं. माझ्या खुणा बंद आहेत, त्यामुळे तिनं वाचलं की नाही हे आता मलाही कळणार नाही. मी आरी उचलली. पहिली मधली उजेडात धरून बघितली आणि दोन पदरांच्या मध्ये घातली.